अंड्यातली जागा

२०२० सालच्या आषाढात एका दुपारी मी पडवीत वर्तमानपत्र पसरून २६ अंडी एकेक करून फोडली. चोविसावा दिवस होता. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर यायला हवी होती. तीन आली. बाकीच्यांची आणखी तीन दिवस वाट पाहिली आणि मग आत काय झालंय ते बघायचंच, असं ठरवलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, उठून आत गेल्या. "माका नको बघूक," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं होतं, आत नासलेलं पाणी असेल. तसं असतं तर बरं झालं असतं. आत पिल्लं होती. पुरती पिल्लं. पिसं फुटलेली, नखं आलेली, डोळे मिटलेले. कवच फोडायला चोचीच्या टोकावर जो पांढरा दाणा येतो, तोसुद्धा तयार. सगळी ओलीगच्च, जराशी सुजलेली, कवचात ठासून भरल्यासारखी. चोच वर नेऊन पहिला श्वास घ्यायचा, तेवढंच राहिलं होतं.

ते २६ जीव माझ्या हातून गेले, आणि ते दुर्लक्षामुळे गेलेले नव्हते. मी त्यांना जास्त दिलं होतं.

आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत. माझं माहेर सांगलीचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा खळ्यात वीस-पंचवीस गावठी कोंबड्या फिरायच्या आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी त्यांतली एखादी खुडूक व्हायची. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी ओळखता येते. पिसं फुलवून बसते, जवळ गेलं तर घशातून गुरगुरते, दाणे टाकले तरी उठत नाही. मग आई मांगराच्या, म्हणजे घराजवळच्या खोपटाच्या, कोपऱ्यात जुन्या टोपलीत तूस घालायच्या, त्यावर अकरा किंवा तेरा अंडी मांडायच्या. नेहमी विषमच. बाजूला एक गंजका खिळा आणि कोळशाचा तुकडा, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. खिळ्याशिवाय त्यांनी कोंबडी बसवलेली मी एकदाही पाहिली नाही.

मग एका योजनेतून सुधारित जातीची पिल्लं आली. हैदराबादच्या संशोधन केंद्रात तयार झालेली वनराजा, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातली गिरिराज. चांगली अंगापिंडाने भरलेली, अंडीही गावठीपेक्षा कितीतरी जास्त. पण त्या कोंबड्या अंड्यावर बसत नाहीत. कारण सरळ आहे. कोंबडी खुडूक झाली की अंडी घालणं थांबतं. उबवण्याचे एकवीस दिवस आणि पुढे पिल्लं सांभाळण्याचे दीड-दोन महिने ती काहीच देत नाही. अंड्यांसाठी निवड करत गेलं की हा गुण पिढ्यान्‌पिढ्या मागे पडत जातो. आमच्याकडे पाच-सहा वर्षांत गावठी कोंबड्या उरल्या तीन. टोपली मांगरात उलटी पडली. अंडी भरपूर आणि उबवायला कोणी नाही, अशी वेळ आली, म्हणून २०२०च्या फेब्रुवारीत मी घाटावरून यंत्र मागवलं.

यंत्र म्हणजे थर्माकोलचा डबा. झाकणाला काचेची खिडकी, आत दोन बल्ब, एक छोटा पंखा, तापमान ठरवलेल्या आकड्यावर आलं की बल्ब बंद करणारा थर्मोस्टॅट आणि तळाशी पाण्याच्या दोन पन्हळी. तापमान साडेसदतीस अंश सेल्सियस. फॅरनहाइटमध्ये ९९.५. हा आकडा ताप मोजायच्या थर्मामीटरवर पाहिला आणि मला तो एकदम ओळखीचा वाटला. मुलांच्या अंगात एवढा असला की आपण म्हणतो, बारीक कणकण आहे. अंड्याला एकवीस दिवस बारीक कणकण लागते. एक अंश कमी झाला तर पिल्लू उशिरा येतं, अशक्त येतं. दोन-तीन अंश जास्त झाले तर काही तासांत आतला जीव जातो. थंडीपेक्षा गरमी वाईट. हे तेव्हा वाचलं होतं, समजलं पुढच्या वर्षी.

काम म्हटलं तर थोडं असतं. अंडी सात दिवसांच्या आतली घ्यायची, टोक खाली करून ठेवलेली. धुवायची नाहीत, कारण कवचावरचा पातळ थर धुतला की छिद्रांतून घाण आत जाते. एका अंगाला फुली, दुसऱ्याला गोल, पेन्सिलीने. पेनाची शाईसुद्धा आत मुरते. रोज पाच वेळा अंडी फिरवायची. फिरवली नाहीत तर वाढणारा जीव आतल्या पापुद्र्याला चिकटतो. तीन किंवा पाच, म्हणजे विषम वेळा, कारण मग सगळ्यांत लांबचा जो रात्रीचा वेळ, तो लागोपाठ एकाच कुशीवर जात नाही. आईंना हे सांगितलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या. विषम आकडा त्यांना नवा नव्हता.

सातव्या रात्री घरातले दिवे घालवून अंडी उजेडाला धरतात. मी पुठ्ठ्याच्या नळीला मोबाइलचा टॉर्च लावला. आईंची पद्धत जुनी: कौलातून येणाऱ्या कवडशासमोर मूठ धरायची आणि मुठीच्या भोकावर अंडं ठेवायचं. त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा टॉर्चने पाहिलं. काही अंडी निवळ होती, नुसता पिवळा उजेड. काहींत तांबडी कडी, म्हणजे जीव धरला होता आणि गेला. आणि मग एक अंडं असं आलं, की त्याच्या आत तांबड्या शिरांचं जाळं पसरलेलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं, आणि मध्ये एक काळा ठिपका. तो डोळा. ठिपका हलला. आई कितीतरी वेळ ते अंडं खाली ठेवेनात. पन्नास वर्षं कोंबड्या बसवल्या, पण हलणारा डोळा कवडशात कधी दिसला नव्हता.

मी शाळेत शिकवते. मुलांना हृदय शिकवताना आता हेच सांगते: ॲरिस्टॉटलने तेविसशे वर्षांपूर्वी अंडी फोडून पाहिली आणि लिहून ठेवलं, की तीन दिवस-तीन रात्री झाल्या की पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो उडत असतो. आपल्या सगळ्यांची सुरुवात त्या उडत्या ठिपक्याने होते, हे सांगताना माझा आवाज अजूनही जरा बदलतो.

आता त्या २६ अंड्यांचं.

यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, पन्हळी भरलेल्या ठेवा, पाणी आटू देऊ नका. मी आटू दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ भरत राहिले. पहिल्याच आठवड्यात आई म्हणाल्या होत्या, "हेका इतक्या पाणी कित्याक गो? पावसान काय कमी दिल्यान?" मी ते मनावर घेतलं नाही. यंत्र त्यांना नवीन, त्यांना काय कळणार, असं मनात आलं होतं. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

कोंबडीच्या अंड्याला सात हजारांच्या वर छिद्रं असतात. त्यांतून हवा आत जाते आणि पाणी बाहेर पडतं. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण बारा टक्के कमी व्हावं लागतं. आमचं गावठी अंडं ४२ ग्रॅमचं असेल, तर अठराव्या दिवशी ते ३७च्या आसपास यायला हवं. हे गेलेलं पाच ग्रॅम पाणी म्हणजे अंड्याच्या जाड टोकाशी झालेली जागा. तिथं हवा साठते. अठरा-एकोणीस दिवस पिल्लू छातीने श्वास घेतच नाही. कवचाला आतून लागलेल्या शिरांतून त्याला हवा मिळते. मग एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी ते चोचीने वरचा पापुद्रा फोडतं, डोकं त्या पोकळीत घालतं आणि फुप्फुसात पहिला श्वास भरतं. जगातला पहिला श्वास, तोही कवचाच्या आतच. तिथं जागा नसेल तर चोच पाण्यात जाते.

माझ्या अंड्यांत जागाच झाली नव्हती. मी ती पाण्याने बुजवली होती.

ती पुस्तिका खोटं सांगत नव्हती. ती कोरड्या मुलखासाठी लिहिली होती. सांगलीला माझ्या माहेरी जानेवारीत ओलं धुणं दोन तासांत खडखडीत वाळतं. इथं जुलैत शाळेचा गणवेश तीन दिवस दोरीवर असतो, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते. मी वहीत गणित मांडून पाहिलं. पावसाळ्यातली २८ अंशांची, ८५ टक्के दमट हवा डब्यात साडेसदतीसपर्यंत तापली, की तिची आर्द्रता आपोआप पन्नास टक्क्यांवर येते. पहिल्या अठरा दिवसांना लागते ती एवढीच. म्हणजे कोकणात पावसाळ्यात त्या पन्हळींत थेंबभर पाणी घालायची गरज नसते. आईंचं वाक्य आणि माझं गणित एकाच जागी येऊन थांबलं. फक्त मला तिथं यायला २६ अंडी लागली.

तेव्हापासून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसते. सहा अंड्यांवर वजन लिहिते, दर चार दिवसांनी मोजते. वजन हळू उतरत असेल तर पाणी नाही, झपाट्याने उतरत असेल तर एक पन्हळ. शेवटचे तीन दिवस मात्र दोन्ही भरायच्या आणि झाकण उघडायचं नाही, कारण तेव्हा पापुद्रा सुकला तर तो कागदासारखा पिल्लाला आवळून धरतो. आधी कमी होऊ द्यायचं, मग ओलावा द्यायचा. क्रम चुकवून चालत नाही.

पुढच्या जानेवारीत ३० पैकी १९ पिल्लं आली. विसावं येत होतं. कवचाला खपली पडली होती, चोच दिसत होती, बारा तास झाले तरी पुढे काही नाही. मला राहवलं नाही. मी नखाने कवच सोलायला घेतलं. तिसऱ्या तुकड्याला रक्त आलं. शिरा अजून आटल्या नव्हत्या, बलक पोटात ओढला गेला नव्हता. ते पिल्लू तासाभरात गेलं. खपली पडल्यापासून बाहेर येईपर्यंत चोवीस तासही लागू शकतात आणि त्या वेळात पिल्लू स्वस्थ पडलेलं दिसतं, पण आत रक्त आणि बलक स्वतःत ओढून घेण्याचं काम चालू असतं, हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तरी हात आवरला असता का, कोण जाणे.

मग आलं तौक्ते चक्रीवादळ.

२०२१च्या एप्रिलअखेरीस मी ३६ अंडी लावली होती. अक्षय तृतीयेला, १४ मेला, दुसऱ्यांदा उजेडाला धरली तेव्हा २६ जिवंत होती. पुन्हा तोच आकडा. मी तो मनातून काढायचा प्रयत्न केला. शनिवारी रात्री वारा वाढला आणि रविवारी, १६ तारखेला, सकाळी लाईट गेली. अंड्यांचा सतरावा दिवस. बाहेर पोफळी मोडत होत्या. आमच्या दारातला एक माड मुळासकट गोठ्यावर आला. गाय आदल्या दिवशी हलवली होती म्हणून वाचली. पडवीवरची कौलं पत्त्यांसारखी उडाली. खांब वाकले होते, तारा रस्त्यावर होत्या, लाईट दोन-तीन दिवसांत येणं शक्य नाही हे कोणीही सांगितलं असतं.

माझ्या हाताला कापरं भरलं होतं. आई शांत होत्या. कोंबडी रोज एकदा अंडी उघडी टाकून उठते, खाते, पिते, मातीत लोळते, पंधरा-वीस मिनिटांनी परत येते, त्याने अंडी मरत नाहीत, हे त्या मला त्यांच्या भाषेत सांगत होत्या. सतराव्या दिवशी तर आतला जीव स्वतःचीही थोडी ऊब करत असतो. वाकळ पांघरून डबा झाकला, हवेपुरती एक बाजू उघडी ठेवली. मग चूल पेटवली. कोकम सरबताच्या सहा काचेच्या बाटल्या होत्या. त्यांत कढत पाणी भरून, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून अंड्यांच्या कडेने लावल्या. दर दोन-अडीच तासांनी पाणी बदलायचं. तापाचा थर्मामीटर झटकायचा, अंड्यांमध्ये ठेवायचा, बघायचा. ९६. पुन्हा १०१. पुन्हा ९८. पहिल्या रात्री मला भीती गार होण्याची होती, म्हणून मी पाणी जास्त कढत घालत होते. आईंनीच दोन बाटल्या काढून बाजूला ठेवल्या.

दुसऱ्या रात्री टॉर्च संपला, मोबाइल कधीच बंद पडला होता, आणि काजळीच्या दिव्यात पाऱ्याची रेघ दिसेना. तेव्हा आईंनी अंधारात एक अंडं उचललं आणि मिटलेल्या पापणीला लावलं. थोडा वेळ धरलं. "बरा हा," म्हणाल्या आणि ठेवून दिलं. मीही लावून पाहिलं. पापणीची कातडी फार पातळ असते, तिला एवढासा फरक लागतो. इजिप्तमध्ये शेकडो वर्षं मातीच्या मोठाल्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवतात आणि तिथली माणसं अंडं पापणीला लावूनच ऊब ओळखतात, हे मला नंतर वाचताना कळलं. आईंनी ते कुठे वाचलेलं नव्हतं. त्यांनी मुलांचे ताप असेच पाहिले होते.

त्याच रात्री त्या म्हणाल्या, "भुरीक घालूया थोडी." भुरी ही आमच्या तीन गावठी कोंबड्यांतली एक, आठवडाभर मांगरात रिकाम्या तुसावर खुडूक बसलेली. अंधारातच जायचं, कारण कोंबडी रात्री भांडत नाही. वाऱ्यात मांगरापर्यंत पोटाशी धरून ११ अंडी नेली. आईंनी हात तिच्या पोटाखाली सारला, एकेक अंडं सरकवलं. भुरीने घशातून एकदा गुरगुर केली, अंग जरा उचललं, आणि चोचीने शेवटची दोन आपणहून आत ओढली. आईंनी खिळा ठेवला. मी कोळसा आणला.

डब्यात १५ उरली.

बुधवारी संध्याकाळी मी मांगरात गेले तर भुरी काहीतरी बोलत होती. दाणे दिसल्यावरचा तो आवाज नव्हे, घारीला पाहून करते तोही नव्हे. अगदी खालच्या पट्टीत, थांबून थांबून, कुर्र, कुर्र. मी वाकले. तिच्या पोटाखालून, कवचाच्या आतून, बारीक चिवचिव येत होती. ती थांबली की आतून आवाज यायचा, आतला थांबला की ती बोलायची. मी तुसावर बसून राहिले. यंत्रात तापमान, हवा, ओलावा, फिरवणं सगळं देता येतं. हे बोलणं देता येत नाही.

गुरुवारी, विसाव्या तारखेला, भुरीखालची ११ पैकी १० फुटली. डब्यातली गारठ्याने मागे पडली होती; शुक्रवारी-शनिवारी, बावीस-तेविसाव्या दिवशी, ९ आली. त्यांतलं एक शुक्रवारी संध्याकाळी खपली पाडून तसंच पडून राहिलं. मी दर तासाला खिडकीतून बघत होते. आई शेजारी येऊन बसल्या. "तेचा तेका येवंदे," म्हणाल्या. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, खरंच, तसं केल्याशिवाय जमेना. पहाटे साडेचारला त्याने पुन्हा हालचाल केली, अंगाभोवती गोल फिरत कवचाला टोपी कापावी तशी रेघ पाडली, आणि पायांनी जोर देऊन टोपी उडवली. ओलं, दमलेलं, मान टाकून पडलेलं. दोन तासांनी तेच पिल्लू कापसाच्या बोंडासारखं उभं होतं.

शनिवारी रात्री ती नऊही भुरीच्या पंखाखाली सरकवली. एकोणीस पिल्लं एका कोंबडीला मावत नव्हती. सगळ्या बाजूंनी डोकी बाहेर. सातव्या दिवशी डोळ्यांत लसीचा थेंब घातला, मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, फार वाईट. कण्या, उकळून निवलेलं पाणी, पावसाचं ओलं तूस रोज बदलणं. एक घारीने नेलं, दोन कांडेचोराने, म्हणजे उदमांजराने, काही पहिल्या पावसाच्या दमटीत गेली. दिवाळीला बारा होती, त्यांतल्या सहा तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या. दोघी पुढे खुडूक झाल्या, आणि मी त्यांची अंडी विकायची नाहीत, असं घरात सांगून टाकलं.

भुरी आता नाही. आईंना ऐकू कमी येतं. या आषाढातली यंत्रातली अंडी काल अठराव्या दिवसात आली. सकाळी वजन केलं: ४१चं ३६ झालं होतं. पन्हळी अठरा दिवस कोरड्या, मी त्यांना हात लावला नव्हता. रात्री दिवे घालवून शेवटचं एकदा बघितलं. सगळं अंडं काळंभोर भरलेलं आणि वर, जाड टोकाशी, पाव भाग रिकामा, उजेडाने पिवळा. त्या उजेडाच्या कडेवर आतून काहीतरी ढोसत होतं, सावली वर यायची आणि मागे जायची. अंडं आईंच्या हातात दिलं. त्यांनी टॉर्चकडे पाहिलंच नाही. गालाला लावलं, डोळे मिटले, आतल्या हालचालीची वाट पाहत बसल्या.

"हेका जागा गावली," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही पन्हळी काठोकाठ भरल्या. अंडं जागेवर ठेवून मी अजून आत बघत होते, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "झाकण लाव. वारो लागतलो."